काळी-पिवळीत बसवलेला पाव्हणा

तीस वर्षं मी एसटीत कंडक्टर होतो. जालना, अंबड, शहागड, हाच पट्टा. त्या नोकरीनं मला पेन्शन थोडी दिली आन संशय भरपूर दिला. मिसरूड फुटलेल्या पोराचं अर्धं तिकीट मागणारी आई म्हणायची, "अंगानंच थोराड है ओ मास्तर." सासऱ्याचा पास खिशात घालून जावई चढायचे. मी तिकीट-तिकीट करत आलो की निम्म्या गाडीला झोप लागायची. अशा लोकांत जिंदगी गेल्यावर माणूस कुनावर इश्वास ठेवील? बायको म्हणती, "तुमी देवळातल्या देवाला बी तिकीट इचारताल." म्हणू द्या तिला.

पण एक गोष्ट मी छातीवर हात ठेवून सांगायचो. तीस वर्षांत एकाही माणसाला मी चुकीच्या गाडीत बसवलं न्हाई. म्हातारं असो, अडाणी असो, कडेवर लेकरू घेतलेली बाई असो, मी खाली उतरून बराबर गाडी दाखवायचो, वर तिथल्या कंडक्टरला सांगायचो की ह्यांना अमुक ठिकाणी उतरव. तेवढा धर्म मी पाळला. जो एक माणूस चुकीच्या गाडीत बसवला तो रिटायर झाल्यावर, आन मुद्दाम बसवला.

आमचं गाव अंबड-शहागड रस्त्याच्या फाट्यापासून दोन किलोमीटर आत है. घरी बसून करायचं काय, म्हणून मी रोज फाट्यावर जातो. तिथं लिंबाचं झाड, एक चहाचं हाटेल, समोर पंक्चरचं दुकान. येणारी-जाणारी गाडी बघितली की बरं वाटतं. मे महिना होता. माझ्या डोक्याला, तोंडाला उपरणं गुंडाळलेलं, नुसते डोळे उघडे. आमच्याकडं मे महिन्यात सगळेच दरोडेखोर दिसतेत.

दुपारच्या जालना गाडीतून एक माणूस उतरला. साठीचा, सावळा, पांढरा हाफ शर्ट. हातात काळी छत्री, लाकडी मुठीची, एका बाजूला लाल कापडाचं ठिगळ. आभाळात ढगाचा पत्ता न्हाई आन हा बाप्या छत्री उघडून उभा! आमच्यात बाप्या माणूस उन्हाला रुमाल घेतो, छत्री न्हाई. मी तिथंच सावध झालो.

तो सरळ माझ्याकडंच आला. हिंदीत म्हणला, "भाई साहब, वो कंडक्टर साहब इसी गाँव के हैं ना? जिनकी लड़की बाहर नर्स है?"

माझी चौकशी मलाच करून राह्यला! मी म्हणलो, "क्या काम है?"

"कुछ नहीं, ऐसे ही. कैसे आदमी हैं? घर में कोई पीता तो नहीं? खेती अपनी है? कोई कोर्ट-कचहरी?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. माझी लेक समुद्रापल्याड अंदमानात सरकारी दवाखान्यात नौकरीला, एकटी राहती. आन हा कोन कुठला माणूस तिच्या नौकरीचं काढून, माझ्या शेताची चौकशी करतो? त्याच आठवड्यात गावात एकाला फोन आल्ता, तुमचं पार्सल पोलिसांनी धरलंय म्हणून. मी म्हणलो, हा त्यातलाच. फोनवर जमंना म्हणून आता घरपोच यायला लागले.

मी तोंडावरचं उपरणं आनखी वर घेतलं. म्हणलो, "वो तो कब के गाँव छोड़ के गए. शहागड के आगे नदी के किनारे मळा लिया उन्होंने. पूल के पास उतरो, और नदी-नदी सीधे चलते जाओ." तेवढ्यात एक काळी-पिवळी जीप आली. मी स्वतः हात केला, त्याला पुढं ड्रायव्हरजवळ जागा करून दिली, वर ड्रायव्हरला बजावलं, "पाव्हण्याला पुलाजवळ उतरव रे." त्यानं मला दोन्ही हात जोडले. जीप गेली. मी चहा सांगितला.

संध्याकाळी पोरीचा फोन आला तेव्हा मी स्पीकर लावून सगळं रंगवून सांगितलं. "आज एका लफंग्याला गोदावरी दाखवली." बायको पदर तोंडाला लावून हसली. पोरगी बी हसली, म्हणली, "आबा, तुमी पन ना!" पुढं आठ दिवस फाट्यावर हीच गोष्ट चालू होती.

श्रावणात पोरीचा फोन आला आन तिचा आवाज येगळा होता. म्हणली, एक मुलगा है. तिच्याच दवाखान्यात एक्स-रे काढतो. आजोबा आंध्रातून बेटावर गेलेले, तवापासून ते तिथलेच. लग्न करायचंय म्हणली. मी म्हणलो, "अगं, बेटावर कुनाचं कोन हे कळायचं कसं? न गाव, न भाऊबंद."

आमच्यात सोयरीक ठरवायच्या आधी चौकशी करतेत. गुपचूप. घरातला एखादा जाणता माणूस त्या गावाला एसटीनं जातो, हाटेलात बसतो, दाढी करून घेतो, आधी पाण्यापावसाचं बोलतो आन मंग हळूच इचारतो की फलाण्याचं घर कसं है. जातो ते कुनाला सांगायचं नस्तं. मी पोरीला म्हणलो, "मी सोता येऊन चौकशी करनार." ती म्हणली, "करा की आबा. मी त्यांच्या घरी आधीच सांगितलंय, आमच्यात असंच असतं म्हणून." ह्या वाक्याकडं मी ध्यान दिलं न्हाई. द्यायला पायजे होतं.

दिवाळी झाली आन आम्ही दोघं निघालो. जालन्याहून रेल्वे, चेन्नईहून इमान. उतरलो तर जिकडं बघावं तिकडं हिरवं, नारळ, सुपारी, आन दर तासाला पाऊस. आमच्याकडं टँकरची वाट बघण्यात जन्म गेला. मला त्या पाण्याचा बी संशय आला. एवढं फुकटात कुनी देत असतं का?

पोरगी ड्युटीवर गेली की माझी चौकशी सुरू. पहिल्या दिवशी मी भाड्यानं गाडी घेतली, आपली आपण चालवायची. दुकानदारानं लायसन बघितलं, फोन नंबर लिहिला आन चावी हातात दिली. मी म्हणलो, "बस? और कुछ नहीं? मैं गाड़ी ले के भाग गया तो?" तो हसला. म्हणला, "कहाँ भागोगे चाचा? चारों तरफ पानी है." मला त्याचं हसणं आवडलं न्हाई. मी गाडीचा एकेक ओरखडा फोनमध्ये फोटो काढून ठेवला, टायर लाथा मारून बघितले, डिकीत डोकं घातलं. बायको म्हणली, "आता इंजनाला बी इचारा, तुझं मूळ गाव कोनतं."

मुलाच्या बापाचं गाव तासाभराच्या वाटेवर, समुद्राकडं; तिथं त्यांची सुपारीची बाग. रस्ता वळणावळणाचा, एका बाजूला जंगल, दुसऱ्या बाजूला पाणी. बायको बघा-बघा करत होती. माझं ध्यान आरशात, मागनं कोन येतंय का. गावात एक चहाची टपरी दिसली. टपरीवर एक बाई वडे तळत होती. मी चहा घेतला, पावसाचं बोललो आन मंग हळूच इचारलं, "वो सुपारी के बाग वाले, लड़का दवाखाने में है, कैसे लोग हैं?"

बाई म्हणली, "अच्छे लोग हैं." आन झारा खाली ठेवून, कढई उतरवून, हात पुसत बाहेर आली. "चलो, घर दिखाती हूँ."

आता काय करावं! चौकशीला आलेला माणूस घरी कसा जाईल? मी म्हणलो, नाही-नाही, बाद में, आन गाडीत बसून पळालो. पुढं किराणा दुकानात इचारलं. तो बी म्हणला, अच्छे लोग, आन पोराला हाक मारून म्हणला, अंकल को छोड़ के आ. तिसऱ्यानं तर फोनच लावायला घेतला. सगळेच चांगलं म्हणतेत म्हणल्यावर मला पक्का वहीम आला. एवढ्या गावात वाईट बोलणारा एकबी न्हाई? आमच्या गावात सख्खा भाऊ बोलंल. म्हणजे हे सगळे एकमेकांचे पाव्हणे असणार, न्हाईतर पढवलेले. बायकोला म्हणलो, "गाडीमुळं घोटाळा झाला. उद्या मी एकटा बसनं जातो. खरं काय ते बसमध्ये कळतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाजारातल्या स्टँडवरून सरकारी बस धरली. बस बघून जीवाला जरा बरं वाटलं. तीच घाई, तीच गर्दी, दोरीनं बांधलेली पोती. कंडक्टर तरणा होता. त्यानं माझ्याकडून सुट्टे घेतले आन तिकीट न देताच पुढं गेला. मी म्हणलो, घ्या, इथं बी तेच! पण पाच मिन्टांनी परत येऊन तिकीट देऊन गेला. मंग माझ्याकडं निरखून बघत म्हणला, "आप सिस्टर के पिताजी हैं ना? कल गाड़ी में आए थे." मी म्हणलो, न्हाई, फिरायला आलोय. तो नुसता हसला.

मी आधीच्या थांब्यावर उतरायचं ठरवलं होतं. उठलो तर तो म्हणला, "बैठिए, अभी नहीं." बस सुपारीच्या बागेपाशी थांबली. तिथं थांबा नव्हता. ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न दिला. कंडक्टर माझी पिशवी घेऊन खाली उतरला, फाटक उघडलं आन आत हाक मारली, "आपके मेहमान आए हैं!" सगळी बस खिडकीतून बघत होती. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

घरातून एक माणूस बाहेर आला. भुरभुर पाऊस होता म्हणून त्यानं छत्री उघडली. काळी छत्री, लाकडी मुठीची, एका बाजूला लाल ठिगळ.

फाट्यावरचाच माणूस. पण त्यानं मला वळखलं न्हाई. कसं वळखणार? त्या दिवशी त्यानं माझे डोळेच तेवढे बघितले होते. त्यानं धावत येऊन छत्री माझ्या डोक्यावर धरली, सोता भिजला, आन हात धरून आत नेलं. पाणी दिलं, चहा दिला, बायकोला हाक मारली. मुलाला फोन लावून म्हणला, सिस्टर को, माताजी को लेके आ, दोपहर का खाना यहीं. मी नुसतं हां-हां करत होतो, आन ते बी बारीक आवाजात. तीस वर्षं ज्याच्या आवाजानं गाडी गप व्हायची तो मी.

दुपारी सगळे जेवायला बसलो. पोरगी वाढत होती. तिथं ती घरच्यासारखी वावरत होती, डबा कुठं, मीठ कुठं, सगळं ठावकं. मुलगा साधा, मान खाली घालून जेवणारा. माझ्यातला कंडक्टर शोधून दमला, पण त्या पोरात खोट सापडंना.

जेवता जेवता तो माणूस म्हणला, "एक बात मन में है, बोल देता हूँ." आन त्यानं सांगायला सुरुवात केली. मे महिन्यात ते शिर्डीला दर्शनाला गेल्ते. पोरीनं सांगितलं होतं की तुमच्यात गुपचूप चौकशीची रीत है. म्हणून ते म्हणले, तुमच्या रीतीनंच करावं, पोरीच्या लोकांना बरं वाटंल. शिर्डीहून एकटेच निघून, बसा बदलत आमच्या फाट्यावर आल्ते. कुनाला सांगितलं न्हाई, पोराला बी न्हाई. "वहाँ एक आदमी मिला, मुँह बँधा हुआ. बोला, वो लोग गाँव छोड़ के गए. मुझे जीप में बिठाया, नदी पे भेजा." ते पुलाजवळ उतरले. नदीच्या कडंकडंनं दोन तास चालले. जवळचं पाणी संपलं. एका बाभळीखाली चक्कर येऊन बसले, मेंढ्या घेऊन चाललेल्या एका बाईनं पाणी पाजलं आन रस्त्यापर्यंत आणून सोडलं. जालन्याला पोचेपर्यंत रेल्वे गेल्ती. स्टेशनवर तापानं फणफणत पडून राह्यले.

पोरीच्या हातातला डाव भाताच्या पातेल्यातच थांबला. तिनं माझ्याकडं बघितलं न्हाई. बघायची गरजच नव्हती; मी सोताच तिला सगळं हसू-हसू सांगितलं होतं. बायको ताटात बोटानं रेघा ओढत बसली.

तो माणूस माझ्याकडं वळून शांतपणे म्हणला, "लड़की हीरा है. पर जिस घर का पता गाँव वाले छुपाते हैं, उस घर में कुछ तो होगा ना? इसलिए मैंने अभी तक हाँ नहीं बोला. आप बुरा मत मानिए. आप ही बताइए, क्या बात है?"

आता सगळं माझ्या बोलण्यावर होतं. गावात एक येडा है म्हणलो असतो तर निभावून गेलं असतं. गावाचं भांडण है, वैरी है, काहीबी सांगता आलं असतं. तीस वर्षं लोकांच्या थापा ऐकल्या, एक थाप मारायला काय लागतं? पण पोरगी डाव धरून उभी होती. ती माझं तोंड बघत होती आता. तशीच बघत होती जसा मी पॅसेंजरचं बघायचो.

मी म्हणलो, "वो आदमी मैं था."

बाहेर पत्र्यावर पाऊस वाजत होता. मी सांगत सुटलो, तुमाला लफंगा समजलो, पोरीची काळजी, फोनवरची फसवणूक, दिवस असेच आलेत. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मंग एकच इचारलं.

"नहीं बताना था तो चुप रहते. जीप में क्यों बिठाया?"

संशय घेणं येगळं आन तहानलेल्या माणसाला आडरानात सोडणं येगळं. मी सोता त्याला पुढची सीट दिली होती. त्यानं हात जोडले होते.

मला रडू आलं. परक्या घरात, भाताच्या ताटावर, भर दुपारी. बायकोनं माझ्या पाठीवर हात ठेवला. तो माणूस उठला, त्यानं माझ्या ताटात आमटी वाढली आन म्हणला, "खाइए. मैं एक बार फिर आऊँगा आपके गाँव. घर देखूँगा, फिर बोलूँगा." पोरीनं डाव खाली ठेवला आन ती आत गेली. त्या दिवशी ती माझ्याशी बोलली न्हाई, दुसऱ्या दिवशी बी न्हाई. तिसऱ्या दिवशी इमानतळावर तिनं पाया पडताना एवढंच म्हणलं, "आबा, त्यांना घ्यायला तुमीच जा."

मार्चात ते आले. आदल्या दिवशी फोनवर मी तीनदा सांगितलं, जालन्याहून सकाळची शहागड गाडी धरा, मी फाट्यावर उभाच है. आठ वाजल्यापासून लिंबाखाली उभा राह्यलो. ऊन चढलं तरी उपरणं खांद्यावरच ठेवलं. तोंड उघडं ठेवायचं, त्यांना लांबूनच दिसायला पायजे. हाटेलवाला म्हणला, "मास्तर, डोकं तापंल." मी म्हणलो, तापू दे.

नवाची गाडी आली, ते न्हाईत. दहाची आली, त्यात बी न्हाईत. मधे एक पांढरी भाड्याची गाडी समोर पंक्चरच्या दुकानापाशी थांबली, काचेतून कुनीतरी दुकानवाल्याला पत्ता इचारला आन गाडी आमच्या गावाच्या रस्त्याला वळली. मी सवयीनं तिचा नंबर ध्यानात ठेवला. म्हणलो, हे कोन आले आता गावात? तेवढ्यात बायकोचा फोन. "अहो, कुठं हैत तुमी? पाव्हणे येऊन बसले घरी!"

मोटारसायकल दामटत घरी आलो. ते ओसरीवर बसून पाणी पीत होते. छत्री भिंतीला टेकवलेली. मी म्हणलो, "मैं तो वहीं खड़ा था, पेड़ के नीचे."

"हाँ, देखा आपको," ते म्हणले. जरा थांबले. "फिर सोचा, एक बार किसी और से पूछ लूँ."

त्यांनी घर बघितलं, मोसंबीची बाग बघितली, विहिरीत वाकून बघितलं, शेजाऱ्यापाजाऱ्यांशी बोलले. मी मुद्दाम संगं गेलो न्हाई. दुपारी जेवण झाल्यावर त्यांनी पोराला फोन लावला आन आमच्यासमोर हो म्हणले. बायकोनं लगेच साखर आणली. पोरगी फोनवर रडत होती आन हसत होती. वैशाखातली तारीख धरायची ठरली.

भाड्याची गाडी त्यांनी सकाळीच परत लावून दिली होती. म्हणून चार वाजता मी त्यांना फाट्यावर सोडायला गेलो. जालना गाडी आली. पाटी मी वाचली, कंडक्टर माझ्या वळखीचा, त्याला सांगितलं, माझे व्याही हैत, स्टेशनला बराबर उतरव. पुढची सीट धरून दिली, खिडकीची. त्यांनी हात जोडले. मी बी जोडले.

डबल बेल झाली. मी खाली उतरून खिडकीपाशी उभा होतो. ते आत वाकले आन शेजारच्या म्हाताऱ्याला हळूच इचारलं, "ये जालना ही जाएगी ना?"